बॅटीच्या वेगाचे दप्तर

२०११च्या विश्वचषकात श्रीरामपूरच्या झहीर खानने २१ बळी घेऊन शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने अग्रस्थान मिळविले, तेव्हा त्याच्या भात्यातील ज्या संथ चेंडूची विशेष चर्चा झाली, तो ‘नकल बॉल’ मूळचा बेसबॉलचा. पेरे वा नखे टेकवून सोडलेला हा चेंडू स्वतःभोवती जवळजवळ फिरत नाही, आणि हाताच्या वेगावरून अंदाज बांधणारा फलंदाज बॅट घाईने फिरवून बसतो. बेसबॉलची ही एक युक्ती नगर जिल्ह्याच्या या सुपुत्राने उचलली. त्याच खेळात अलीकडे रूढ झालेली फलंदाजीच्या परीक्षणाची पद्धत मात्र क्रिकेटने अद्याप पुरतेपणी उचललेली नाही.

हॉक-आय यंत्रणा २००१ साली इंग्लंडमधील क्रिकेट प्रक्षेपणात अवतरली आणि यथावकाश पायचीतच्या निवाड्यापर्यंत पोचली. परंतु तिची नजर मुख्यतः चेंडूवरच राहिली. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने २०१५ पासून आपल्या सर्व मैदानांवर ‘स्टॅटकास्ट’ नावाची मोजणी सुरू केली, २०२०पासून तिच्यासाठी हॉक-आयचे कॅमेरे, एकेका मैदानावर १२, कामास लावले आणि मे २०२४ मध्ये बॅटीच्या वेगाचे दप्तरही जनतेस खुले केले. हा वेग बॅटीच्या टोकापासून सुमारे ६ इंच अलीकडच्या बिंदूचा धरतात.

या मोजणीतील खरी गंमत हिशेबात आहे. उत्तम टोला बसल्यास चेंडू जास्तीत जास्त किती वेगाने उडेल, हे काढताना बॅटीच्या वेगाची १.२३ पट आणि येणाऱ्या चेंडूच्या वेगाचा ०.२३ हिस्सा एकत्र करतात. बॅट ताशी ११५ किलोमीटरने फिरली आणि चेंडू फलंदाजापाशी १३५च्या वेगाने आला, तर ही कमाल मर्यादा सुमारे १७२ होते. प्रत्यक्ष चेंडू तिच्या ८० टक्के, म्हणजे १३८च्या वर उडाला, की टोला बॅटीच्या मध्यावर बसला असे मानतात. मग तो थेट क्षेत्ररक्षकाच्या हाती का जाईना! धावफलक केवळ पिकाची आणेवारी लिहितो. ही वही नांगरटही लिहून ठेवते.

मेजर लीगच्या फलंदाजांपैकी जियानकार्लो स्टँटनची बॅट सरासरी ताशी १३० किलोमीटरने फिरते, लुईस अरायझची जेमतेम १००ने. नुसत्या वेगावर भाळणारा मनुष्य अरायझला संघाबाहेर बसवील. पण २०२२ ते २०२४ अशी सलग तीन वर्षे, तीन निरनिराळ्या संघांकडून, त्या त्या वर्षीच्या आपल्या लीगमधील सर्वोच्च फलंदाजी सरासरीचा मान त्यानेच पटकाविला, कारण चेंडू बॅटीच्या मध्यावर घेण्यात त्याचा हात धरणारा विरळाच. मात्र त्याचे टोले क्वचितच कुंपण ओलांडतात, हेही तीच वही सांगते.

आपल्याकडे अनिल कुंबळे यांच्या संस्थेने २०१८ मध्ये बॅटीला चिकटविण्याचे एक मापक पुढे आणले. तथापि सामन्यागणिक सर्वांस पाहता येईल असे दप्तर काही त्यातून उभे राहिले नाही. संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे २०१४ साली लॉर्ड्सच्या हिरव्यागार खेळपट्टीवर १०३ धावा करून गेला, त्या खेळीची बॅटीच्या बाजूने अशी मोजणी झाली असती, तर रहाणेचे नाव स्टँटनच्या पंक्तीत न पडता अरायझच्या शेजारी पडले असते, असे मला खात्रीने वाटते.