मागचे पाय ओढणारा म्हातारा कुत्रा

गेल्या पावसाळ्यात बल्लारपूरचे एक निवृत्त गृहस्थ नऊ वर्षांच्या डॅशहाउंडला कडेवर घेऊन माझ्या दवाखान्यात आले. "डॉक्टरसाहेब, परवापर्यंत पायऱ्या चढत होता. आज मागचे पाय ओढतोय. वय झालं म्हणायचं का?"

वय होणे हा काही रोग नव्हे. दोन मणक्यांमध्ये मऊ गादी असते. ती झिजून कडक होते, फुटते आणि आतला भाग मज्जारज्जूवर दाबला जातो. डॅशहाउंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्यात हे एका उडीत घडते. अल्सेशियनसारख्या मोठ्या कुत्र्यात उतारवयात गादी महिनोन्‌महिने हळूहळू फुगत जाते.

मी त्याचे बोट चिमट्याने दाबले. पाय मागे ओढला, पण एवढ्याने भागत नाही; ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असते. कुत्र्याने वळून पाहिले, कण्हला, तरच वेदना मेंदूपर्यंत पोचते असे समजावे. तो कण्हला आणि मला हायसे वाटले. अचानक गादी फुटलेल्या कुत्र्यांपैकी वेदना शाबूत असलेली बहुतेक कुत्री शस्त्रक्रियेनंतर चालू लागतात. वेदना गेली की ही आशा साधारण निम्म्यावर येते. म्हणून वेळ दवडू नये.

शस्त्रक्रियेत भूल देऊन मणक्याच्या बाजूचे थोडे हाड काढतात आणि दाबणारा भाग बाहेर घेतात. त्याआधी दाबाची नेमकी जागा एमआरआय किंवा सीटी स्कॅनने, नाहीतर मणक्यात औषध सोडून काढलेल्या एक्स-रेने शोधावी लागते. हृदय व मूत्रपिंडे ठीक असतील तर केवळ वयामुळे शस्त्रक्रिया नाकारण्याचे कारण नाही. अल्सेशियनमध्ये वेदनेविना वाढणारा मज्जारज्जूचा एक ऱ्हासही असतो. त्यावर मात्र शस्त्रक्रियेचा उपयोग नाही.

चंद्रपूरहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. गडचिरोलीच्या आतल्या गावांतून तर पूर्ण दिवस जातो. निघण्यापूर्वी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन करून सोय विचारून घ्या. कुत्र्याला फळीवर निजवून न्या. पाठ चोळू नका, माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका. रेबीजमध्येही मागचे पाय लुळे पडतात. लस दिलेली नसेल तर तोंडाजवळ हात नेऊ नका.

त्या डॅशहाउंडची शस्त्रक्रिया नागपूरला झाली. नंतर सहा आठवडे घरच्यांनी त्याला बांधून ठेवले, कूस बदलली, सुरुवातीला पोट दाबून लघवी करवली. आता तो जरा डुलत चालतो. पण दाराची कडी वाजली की सगळ्यांच्या आधी तोच पोचतो.