छत्तीस हजार डॉलरचा विनोद

चोरांच्या विनोदी सिनेमावर या स्तंभात लिहिण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. परंतु ज्या पडद्यापुढे आमची तरुण पोरे दोन-दोन तास बसतात, त्या पडद्यावर कष्टकऱ्याला कोणती जागा दिली जाते, हे तपासणे आम्ही चळवळीचेच काम मानतो.

२००७ साली हॉलिवूडचा ‘ओशन्स थर्टीन’ आला. दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग. जॉर्ज क्लूनी, ब्रॅड पिट, मॅट डेमन, डॉन चीडल, अल पचिनो अशी बड्या नटांची रांगच. २००१ व २००४ च्या चित्रपटांनंतरचा हा तिसरा भाग. लास व्हेगासचा एक मग्रूर कॅसिनोमालक डॅनी ओशनच्या म्हाताऱ्या मित्राला भागीदारीत फसवतो. त्या धक्क्याने म्हातारा अंथरुणाला खिळतो आणि डॅनीची टोळी मालकाला नव्या कॅसिनोच्या उद्घाटनाच्या रात्रीच बुडवायचे ठरवते.

जुगाराचे फासे आधीच बिघडवावेत म्हणून टोळीतला व्हर्जिल मेक्सिकोतल्या फाशांच्या कारखान्यात कामगार बनून शिरतो. तिथले हाल पाहून तो आपला डाव विसरतो आणि क्रांतिकारक झापाटाची आठवण देत कामगारांना संपावर नेतो. समजूत घालायला पाठवलेला भाऊही संपात उतरतो. कोट्यवधींचा बेत अडतो. मग चौकशी होते, मागणी तरी किती? छत्तीस हजार डॉलर. प्रत्येकी? छे, सगळ्यांची मिळून! प्रेक्षकांत हशा पिकतो, पैसे दिले जातात, संप मिटतो आणि कथा पुन्हा व्हेगासच्या झगमगाटात परतते.

आम्हीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. विनोद श्रीमंतांना चिमटा काढणाराच आहे. परंतु हसू ओसरल्यावर प्रश्न उरतो. कामगार जिंकले ते एकजुटीच्या बळावर, की त्यांची भूक दुसऱ्यांच्या खिशातल्या चिल्लरीत बसली म्हणून? शेवटीही तेच. टोळी आपल्या लोभी भागीदाराच्या वाट्याचे ७ कोटी २० लाख डॉलर त्याच्याच नावाने मुलांसाठी दान करते आणि तो ऑप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात दानशूर म्हणून मिरवतो. या चित्रपटात हक्काचा प्रश्न दानाने मिटतो.

प्रत्यक्षात तो तसा मिटत नाही, याचा पुरावा याच लास व्हेगासमध्ये आहे. या मालिकेचे मूळ म्हणजे १९६० चा ‘ओशन्स इलेव्हन’. फ्रँक सिनात्रा, डीन मार्टिन यांच्या जोडीला त्यात सॅमी डेव्हिस ज्युनियर हा कृष्णवर्णीय कलावंत होता. अकरा जणांत त्याच्या वाट्याला काम कोणते? कचऱ्याची गाडी चालवण्याचे! लुटीचा पैसा त्याच गाडीतून बाहेर काढला जातो. कचऱ्याचे काम कोणाच्या माथी मारले जाते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

त्या काळी कृष्णवर्णीय कलावंताने तिथला रंगमंच गाजवावा, पण बड्या हॉटेलांत त्याच्या समाजाने खोली मागू नये, असा रिवाज होता. तो मोडला कोणी? कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’चे स्थानिक अध्यक्ष, दंतवैद्य डॉ. जेम्स मॅकमिलन यांनी बजावले की, दारे उघडा, नाहीतर रस्त्यावर मोर्चा येईल. २६ मार्च १९६० रोजी बंद पडलेल्या ‘मूलाँ रूज’ हॉटेलात बैठक झाली आणि बंदी उठवण्याचे ठरले. ना कोणी चेक फाडला, ना कोणाचे मन द्रवले. संघटित माणसांची धास्ती तेवढी कामी आली.

संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्याच हक्काचे दुसरे नाव, असे बाबासाहेबांनी १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात ठणकावले होते. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला मुंबईचा कामगार औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध संपावर गेला. तो भीक मागायला निघाला नव्हता.

म्हणून तरुणांनो, सिनेमा जरूर पाहा, पोटभर हसा. परंतु छत्तीस हजारांवर हशा पिकेल तेव्हा क्षणभर थांबा. सफाई कामगार, कंत्राटी मजूर, मोलकरीण आपली मागणी घेऊन उभी राहते, तेव्हा ‘एवढ्याशा पैशासाठी एवढा गोंधळ?’ म्हणणारे आपल्या आजूबाजूलाही आहेत. त्यांच्या हसण्यात आपला आवाज मिसळू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.