कोळशाने काढलेली कोळशाची गोष्ट

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावात 1986 साली जन्मलेले प्रभाकर पाचपुते चित्र काढतात ते बहुतेकदा कोळशाच्या कांडीने. ही कांडी लाकडी कोळशाची. त्यांच्या घरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खाणीत उपसला तो दगडी कोळसा. मराठीत दोन्हींना शब्द एकच आणि पाचपुत्यांच्या कलेत दोन्हींचा धागाही एकच.

खैरागड आणि बडोद्यात ते शिल्पकला शिकले. त्यांच्या चित्रांत माणसाचं धड असतं, पण डोक्याच्या जागी कधी खाणीतला दिवा, कधी एखादं अवजार. काम माणसाची ओळखच कशी गिळून टाकतं, हे ती आकृती न बोलता सांगते. मागे पोखरलेली जमीन दिसते. जिथे शेत होतं, तिथे खड्डा.

अनेकदा ते थेट दालनाच्या भिंतीवरच रेखाटतात. प्रदर्शन संपलं की भिंत पुन्हा रंगवली जाते आणि चित्र जातं, खाणीखाली गेलेल्या शिवारासारखंच.

वेल्समधल्या कार्डिफच्या ‘आर्टेस मुंडी’ प्रदर्शनासाठी त्यांनी तिथल्या खाणकामगारांच्या लढ्यांचाही अभ्यास केला. 2021 मध्ये या प्रदर्शनाचा पुरस्कार त्यातल्या सहाही कलावंतांना मिळून देण्यात आला. पाचपुते त्यांपैकी एक.