सातशे किलोमीटरची तिरकी रेघ

नकाशावर पट्टी ठेवून कोल्हापूर ते नागपूर अशी रेघ ओढली, तर ती पुण्याकडे फिरकतही नाही. पंढरपूरच्या अगदी जवळून जाते, परळी आणि गंगाखेडच्या दरम्यान अर्धी होते, वसमत ओलांडते, यवतमाळ डाव्या हाताला ठेवते आणि वर्ध्याला खेटून नागपूर गाठते. उजळाईवाडी आणि सोनेगाव या दोन विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून हिशेब मांडला, की ही रेघ सुमारे ७०० किलोमीटर भरते. महाराष्ट्र एक्सप्रेस मात्र मिरज, सातारा, पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला असा वळसा घालत बाराशेच्या वर जाते. कोल्हापूरकराला विदर्भ परमुलूख वाटतो, त्यात या रुळांचा वाटा मोठा आहे असं माझं मत.

आता वेळ. एटीआर ७२ हे पंख्याचं विमान वर स्थिरावलं की ताशी पाचशेच्या आसपास जातं, एम्ब्राएर १७५ हे जेट सव्वाआठशेच्या. नुसता भागाकार केला तर पहिल्याला ८४ मिनिटं, दुसऱ्याला ५१. तिकिटावर मात्र याहून जास्त वेळ छापलेला असतो. कारण तो आकाशातला नसतोच. विमान जागेवरून हललं तेव्हापासून दुसरीकडे जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो.

शिवाय धावपट्ट्या मार्ग बघून बांधत नाहीत, वारा बघून बांधतात. कोल्हापूरच्या पट्टीच्या टोकांवर ०७ आणि २५ हे आकडे आहेत. म्हणजे होकायंत्रावर एक तोंड ७० अंशांना, दुसरं २५० ला. नागपूर आहे ईशान्येला, ४५ अंशांच्या जरा पुढे. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं. पावसाळी पश्चिमेचा वारा सुटला की वैमानिकाला जायचं असतं विदर्भात आणि धाव घ्यावी लागते सह्याद्रीकडे. मग वर जाऊन वळायचं. नागपुरात तर आणखी गंमत: तिथली पट्टी १४-३२, म्हणजे येण्याच्या वाटेशी जवळपास काटकोनात. कुठल्याही टोकाने उतरा, वळण चुकत नाही. त्यात दहा हजार फुटांच्या खाली वेगाला २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची मर्यादा. चढता-उतरताना जेटचा तोरा तिथेच उतरतो.

वरच्या वाऱ्याचं गणित वेगळं. हिवाळ्यात जेटच्या उंचीवर वारे बहुधा पश्चिमेचे. समजा, ते ताशी ७५ किलोमीटरने वाहत आहेत. मार्ग तिरका असल्याने त्यातले पन्नासेक जाताना पाठीशी लागतात आणि येताना तेवढेच आडवे येतात. जाण्या-येण्यात सहा-सात मिनिटांचा फरक एवढ्यानेच पडतो.

केंद्राच्या २०१६ च्या उडान योजनेने साधारण ५०० किलोमीटरच्या, तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये ही भाड्याची मर्यादा ठेवली होती. तासाला पाचशे ही चाल पंख्याच्या विमानाची. इतक्या अंतरावर तीच पुरेशी आहे, असं मला वाटतं. जेटने वाचवलेली वीसेक मिनिटं शहरातून विमानतळ गाठण्यात सहज जातात. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला नागपुरात काम काढायचं असेल, तर तो मिनिटं मोजत बसत नाही. विमान आठवड्यातून किती दिवस आहे आणि काम उरकून त्याच संध्याकाळी परत येता येतं का, हे तो आधी विचारतो.