डिस्चार्ज सकाळी, सुटका संध्याकाळी

राउंडवर आलेल्या सर्जननी साडेनऊला फाइलवर ‘डिस्चार्ज’ लिहिलं. पित्ताशयातले खडे काढल्याचा तिसरा दिवस. ताप नाही, टाके कोरडे. काकूंनी पिशव्या भरल्या, काकांनी घरचे कपडे घातले. रुग्णालयाच्या दारातून दोघं बाहेर पडली तेव्हा सव्वापाच वाजून गेले होते. मधल्या वेळात ती फाइल कुठे कुठे अडते ते मला बघायचं होतं, म्हणून पुण्यातल्या त्या खासगी रुग्णालयाच्या टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) डेस्कशी मी खुर्ची ओढून बसले.

डेस्कवरच्या ताईंचं निम्मं काम डॉक्टरांच्या अक्षराशी असतं. भरतीच्या कागदावर ‘मधुमेह’ एवढंच लिहून चालत नाही, किती वर्षांपासून ते लागतं. पॉलिसी दोन वर्षांची आणि आजार पाच वर्षांचा असला, की विमा कंपनीची ‘क्वेरी’ आलीच. म्हणून पूर्वपरवानगीचा अर्ज पाठवण्याआधी त्या स्वतः वॉर्डात जातात आणि निवासी डॉक्टरांकडून तारखेसकट लिहून घेतात. “नंतर खाडाखोड केली की पेशंटच खोटा ठरतो,” त्या म्हणाल्या.

कॅशलेसच्या वेळा नियमाने ठरवून दिल्या आहेत. विमा नियामक प्राधिकरणाच्या 29 मे 2024 च्या परिपत्रकानुसार पूर्वपरवानगीच्या अर्जावर कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. तीन तासांपुढे उशीर होऊन रुग्णालयाने जादा आकार लावला, तर तो कंपनीने भागधारकांच्या निधीतून भरायचा. दावा परस्पर फेटाळता येत नाही, त्याला कंपनीच्या समितीची संमती लागते. हे नियम चांगले आहेत आणि त्यांचा फरक पडला आहे. पूर्वी मंजुरी दुसऱ्या दिवसावर जायची, असं ताई सांगतात.

पण हे तीन तास मोजायचे कधीपासून? रुग्णालयाची विनंती कंपनीकडे पोचल्यापासून. त्या दिवशी वॉर्डातली उरलेली औषधं फार्मसीला परत जाऊन त्यांची वजावट व्हायला साडेअकरा झाले. लॅबची एक नोंद राहिली होती. बिल तयार होऊन डेस्कवर यायला पाऊण वाजला आणि ते पोर्टलवर चढलं एक वाजून दहा मिनिटांनी. सकाळचे हे जवळपास पावणेचार तास कोणत्याच नियमात बसत नाहीत. पावणेतीनला क्वेरी आली: शस्त्रक्रियेच्या टिपणाचं दुसरं पान दिसत नाही. पान जोडलेलं होतं, पण स्कॅन फिकट आला होता. ताईंनी पुन्हा पाठवलं. मंजुरी पाच वाजता आली. एक दहापासून धरलं तर मुदत उलटून गेली होती. कंपनी मात्र क्वेरीचं उत्तर मिळाल्यापासून मोजते, असं ताईंनी सांगितलं.

मंजुरीतली रक्कम बघून काकांचा मुलगा हबकला. तीन लाखांची पॉलिसी, खोलीभाड्याला एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजारांची मर्यादा. त्यांनी पाच हजारांची खोली घेतली होती. तीन दिवसांचे वरचे सहा हजार आपण भरू, असा त्याचा हिशेब. पण मर्यादा ओलांडली की सर्जन, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह यांचे आकारही त्याच प्रमाणात, पाचास तीन असे, कापले जातात. या आकारांच्या साठ हजारांतले छत्तीस मंजूर झाले, चोवीस खिशातून. 2020 च्या नियमाने औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना या कपातीतून वगळलं. खोलीप्रमाणे आकार बदलत नसतील, तर तिथेही कपात करता येत नाही. शिवाय हातमोजे, मास्क, ईसीजीचे इलेक्ट्रोड अशा न देण्याच्या वस्तूंची यादी वेगळी. “भरती करताना कुणी बोललं नाही,” मुलगा म्हणाला. खोली निवडली जाते रात्री, कॅज्युअल्टीत, माणूस कळवळत असताना. हा हिशेब सांगण्याची ती वेळ, आणि तेव्हा टीपीए डेस्क बंद असतो. मला सगळ्यात जास्त राग याचा आला.

खरी गोम कारभाराच्या वाटणीत आहे. विमा नियामकाचा अधिकार कंपनीवर आणि टीपीएवर. रुग्णालयावर थेट नाही. दर ठरतात कंपनी आणि रुग्णालय यांच्या करारात. 2010 मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मुंबईसह मोठ्या शहरांत ठरावीक पॅकेजचा आग्रह धरून अनेक रुग्णालयांची कॅशलेस सोय थांबवली, तेव्हा त्या ओढाताणीत सापडले ते भरती झालेले रुग्ण. रुग्णालयांची नोंदणी राज्याच्या 1949 च्या शुश्रूषागृह कायद्याखाली होते. त्याच्या नियमांत 2021 मध्ये रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावण्याचं बंधन आलं. त्याच नियमांत राज्य सरकारला आणखी दोन गोष्टी घालता येतील: डॉक्टरांच्या सहीनंतर बिल किती वेळात कंपनीकडे जायला हवं, आणि खोली देतानाच कपातीचा लेखी अंदाज.

ताईंच्या रजिस्टरमध्ये चार रकाने त्यांनी स्वतःच आखलेत: सही, बिल, रवाना, मंजुरी. काकांच्या मुलाने त्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढून घेतला. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लिहायचं आणि महिनाभरात दाद मिळाली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जायचं. तिथे फी नाही, वकील लागत नाही. ‘रवाना’ आणि ‘मंजुरी’ या दोन रकान्यांबद्दल त्याला तिथे भांडता येईल. पहिल्या दोन रकान्यांसाठी मात्र ते दार उघडत नाही.