मंत्र्याच्या वरची खुर्ची

2015 साली बीजिंगच्या राज्य सुरक्षा मंत्रालयात चेन वेनचिंग नावाचे गृहस्थ रुजू झाले. मंत्रिपद रिकामं नव्हतं. गेंग ह्वेईचांग 2007 पासून तिथे होते आणि पुढे आणखी वर्षभर राहणार होते. चेन झाले ते मंत्रालयातल्या पक्ष समितीचे सचिव. मंत्रालयातला सचिव म्हटलं की आपल्याला मंत्र्याच्या हाताखालचा अधिकारी आठवतो. तिथे मात्र उतरंड उलटी आहे, आणि चीनमधल्या सुरक्षा अधिकाऱ्याची चढण समजून घ्यायची तर इथूनच सुरुवात केलेली बरी.

चीनच्या प्रत्येक मंत्रालयात कम्युनिस्ट पक्षाची एक समिती बसवलेली असते. बढत्या-बदल्या, वरून आलेलं धोरण कसं राबवायचं, घरातल्या कोणावर संशय धरायचा, हे सगळं त्या समितीत ठरतं. बहुतेक वेळा मंत्रीच तिचा सचिव असतो, त्यामुळे खुर्च्या दोन आहेत हे बाहेरच्याच्या ध्यानातही येत नाही. पण मंत्री बदलायचा तर संसदेच्या स्थायी समितीचा ठराव लागतो. पक्षसचिव बदलायला पक्षाचा आदेश पुरतो. म्हणून घर आधी ताब्यात घ्यायचं आणि दारावरची पाटी सवडीने बदलायची, अशी ही रीत. चेन यांची पाटी 7 नोव्हेंबर 2016 रोजी बदलली. त्याच दिवशी ह्वांग शूश्येन नागरी व्यवहार मंत्री झाले. हे दोघेही आले होते एकाच ठिकाणाहून: पक्षाच्या केंद्रीय शिस्त तपासणी आयोगाचे उपसचिव म्हणून काम करून.

हेरांच्या मंत्रालयावर शिस्त आयोगातला माणूस का? कारण घरातच आग लागली होती. हेरगिरीविरोधी काम पाहणारे उपमंत्री मा ज्येन यांची जानेवारी 2015 मध्ये चौकशी सुरू झाली. लाचखोरी, धाकदपटशाने सौदे घडवणं आणि आतल्या माहितीवर शेअरबाजारात कमाई, या गुन्ह्यांसाठी त्यांना 2018 च्या डिसेंबरात जन्मठेप झाली. त्यांच्याही वरचे चौ योंगकांग, एके काळचे देशभरच्या पोलिसांचे, न्यायालयांचे आणि गुप्तचरांचे सर्वेसर्वा, जून 2015 मध्येच जन्मठेपेवर गेले होते. लाच आणि अधिकाराचा गैरवापर यांच्या जोडीला गुपितं फोडल्याचा आरोपही त्यांच्यावर सिद्ध झाला. अशा वेळी शी जिनपिंग यांना परदेशात जाळं विणणाऱ्या वाकबगार हेरापेक्षा आपल्याच माणसांची झडती घेण्यात मुरलेला माणूस हवा होता.

तो मुरला कसा, ते पाहण्यासारखं आहे. चेन यांचा जन्म 1960 चा, सिचुआन प्रांतातल्या रेनशौ तालुक्यातला. दक्षिण-पश्चिम राजकीय-कायदा संस्थेत ते कायदा शिकले आणि 1984 मध्ये पोलिसात लागले. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात बंद पडलेली विधी महाविद्यालयं नुकतीच पुन्हा उघडली होती, आणि कायद्याची पदवी असलेला तरुण पोलीस ही तेव्हा दुर्मीळ चीज होती. लेशान भागातल्या ठाण्यांतून वर येत ते प्रांतिक पोलीस खात्याचे उपप्रमुख झाले आणि 1998 मध्ये सिचुआनच्या राज्य सुरक्षा विभागाचे प्रमुख.

या पदापाशी जरा थांबायला हवं. राज्य सुरक्षा मंत्रालय 1983 मध्ये स्थापन झालं, ते पक्षाचा परदेशी हेरगिरी विभाग आणि पोलीस मंत्रालयातला हेरगिरीविरोधी भाग जोडून. आपल्याकडे आयबी आणि रॉ वेगळ्या आहेत, तिथे दोन्ही कामं एकाच छपराखाली. शिवाय प्रांतोप्रांती त्याचे विभाग आहेत, आणि त्यांचं काम प्रांताच्या हद्दीत संपत नाही. ज्यांगसू प्रांताच्या विभागातला शू यानज्वुन हा अधिकारी अमेरिकेच्या जीई कंपनीचं विमान-इंजिनांच्या पंख्याचं तंत्रज्ञान मिळवण्याच्या मागे होता. कंपनीच्या एका अभियंत्याला व्याख्यानाच्या निमित्ताने चीनला बोलावून झालं होतं. पुढची भेट युरोपात ठरली, पण तोवर तो अभियंता एफबीआयला सामील झाला होता. एप्रिल 2018 मध्ये बेल्जियममध्ये शू पकडला गेला, अमेरिकेच्या हवाली झाला आणि 2022 मध्ये त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे प्रांताच्या कचेरीत बसून जगभर गळ टाकता येतो. चेन यांनी अशी कचेरी 2002 पर्यंत चालवली. त्यातली शेवटची काही वर्षं सिचुआनचे पक्षप्रमुख होते तेच चौ योंगकांग. पुढे चौ यांच्या सिचुआनमधल्या कितीतरी माणसांना त्यांच्याबरोबर तुरुंगाची वाट धरावी लागली. चेन त्यांत नव्हते, आणि माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतली ही सर्वांत बोलकी नोंद आहे.

त्यानंतर चार वर्षं ते सिचुआनच्या सरकारी अभियोग यंत्रणेचे प्रमुख होते. 2006 मध्ये त्यांना फूज्येनला शिस्त आयोगाचे प्रांतिक प्रमुख म्हणून पाठवलं. फूज्येन म्हटलं की लगेच शी यांच्या गोटातला माणूस असं लिहायची घाई होते. शी यांनी तो प्रांत 2002 मध्येच सोडला होता. उलट चेन यांच्या जागी पुढे मंत्री झालेले चेन यीशिन (आडनाव तेच, नातं नाही) चेच्यांग प्रांतात खरोखरच शी यांच्या हाताखाली होते.

शिस्त आयोगाचं काम न्यायालयाबाहेर चालायचं. पक्षसदस्याला अमुक जागी, अमुक वेळी हजर व्हायला सांगायचं आणि तिथे कितीही दिवस ठेवून विचारपूस करायची. वकील नाही, जामीन नाही. न्यायालयाची पाळी नंतर, आणि तोवर निकाल बहुतेक ठरलेला. 2018 मध्ये या पद्धतीला नवं नाव आणि कायद्याची चौकट मिळाली. नोव्हेंबर 2012 मध्ये चेन केंद्रीय आयोगावर गेले, ते आयोगाचे तेव्हाचे प्रमुख वांग छीशान यांच्या हाताखाली. भ्रष्टाचारविरोधी मोहिमेच्या ऐन भरातली ती वर्षं.

आपल्याकडच्या पदांत मांडायचं तर एकच माणूस जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक, राज्य गुप्तवार्ता विभागाचा प्रमुख, अभियोग संचालक, मग लाचलुचपत खात्याचा प्रमुख, आणि शेवटी आयबी व रॉ दोन्हींचा धनी. भारतात ही वाट शक्य नाही. शिवाय दर पायरीवर सत्ताधारी पक्षाचा पदाधिकारीही असणं इथे चालणार नाही. तिथे तीच पात्रता आहे.

चेन मंत्री असताना हेरगिरीची भाषा सामान्य माणसाच्या घरापर्यंत पोचली. एप्रिल 2017 मध्ये बीजिंगच्या राज्य सुरक्षा कार्यालयाने हेराची खबर देणाऱ्याला दहा हजार ते पाच लाख युआन इनाम जाहीर केलं. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्याच्या सातव्या कलमाने प्रत्येक संस्थेवर आणि नागरिकावर गुप्तचरांना साहाय्य करण्याचं बंधन घातलं. चिनी कंपन्यांबद्दल जगभर जी शंका घेतली जाते, तिच्यात या कलमाचा हवाला हमखास असतो.

ऑक्टोबर 2022 मध्ये चेन चोवीस जणांच्या पॉलिटब्यूरोत गेले आणि केंद्रीय राजकीय-कायदा आयोगाचे प्रमुख झाले. पोलीस, अभियोग, न्यायालयं आणि राज्य सुरक्षा, सगळ्यांवर देखरेख करणारी ही पक्षाची समिती. राज्य सुरक्षा मंत्रालय सांभाळलेला माणूस पॉलिटब्यूरोत पोचण्याची ही पहिलीच वेळ. चौ योंगकांग यांची खुर्ची ती हीच, पण आता ती जरा ठेंगणी केलेली आहे. चौ पॉलिटब्यूरोच्या सर्वोच्च स्थायी समितीत होते; 2012 नंतर या आयोगाच्या प्रमुखाला तिथे जागा मिळालेली नाही.

पक्षाचं पुढचं महाअधिवेशन 2027 च्या शरदात अपेक्षित आहे. तेव्हा चेन 67 वर्षांचे असतील. अलिखित रिवाज सांगतो की 67 असेल तर राहता येतं, 68 झालं तर घरी. पण 2022 मध्ये 67 वर्षांचे तेव्हाचे पंतप्रधान ली खछ्यांग बाहेर गेले आणि 69 वर्षांचे परराष्ट्रमंत्री वांग यी पॉलिटब्यूरोत आले.