सुहास पाटील : चिपनिर्मितीतून गुंतवणुकीकडे

सुहास पाटील यांचा जन्म १९४४ मध्ये जमशेदपूर येथे झाला. खरगपूरच्या आयआयटीतून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन ते अमेरिकेतील एमआयटीत गेले. डॉक्टरेटनंतर त्यांनी तेथे आणि पुढे युटा विद्यापीठात अध्यापन केले. संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आढळणारे ‘सिगारेट ओढणाऱ्यांचे कोडे’ १९७१ मध्ये त्यांनीच मांडले.

चिपची मांडणी संगणकाच्या साह्याने वेगाने करण्याची पद्धत त्यांनी युटात विकसित केली आणि १९८१ मध्ये ‘पाटील सिस्टिम्स’ काढली. सिलिकॉन व्हॅलीत आल्यावर तीच ‘सिरस लॉजिक’ झाली. स्वतःचा कारखाना न उभारता चिपचा आराखडा करायचा आणि उत्पादन दुसऱ्याकडून करून घ्यायचे, ही रीत रुजवणाऱ्या सुरुवातीच्या कंपन्यांत तिची गणना होते. हार्डडिस्क नियंत्रित करणाऱ्या आणि पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या चिपमुळे तिचे नाव झाले. १९८९ मध्ये तिचे समभाग बाजारात आले.

त्यानंतर पाटील नव्या कंपन्यांत पैसा आणि सल्ला गुंतवू लागले. त्यांचा अधिक दूरगामी वाटा मात्र ‘टाय’ अर्थात ‘दि इंडस आंत्रप्रेन्युअर्स’ या संस्थेत दिसतो. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे ते संस्थापक-अध्यक्ष. भारतीय अभियंते हुशार, पण कंपनी चालवणे त्यांचे काम नव्हे, असा समज तेव्हा अमेरिकी भांडवलदारांत होता. त्यावर तोड म्हणून यशस्वी उद्योजकांनी नवख्यांना मार्गदर्शन, ओळखी आणि प्रसंगी भांडवलही द्यावे, हा संस्थेचा शिरस्ता. मुंबई, पुणे येथेही तिच्या शाखा आहेत.